शह, मात आणि मनसुबा

निवडणुका जवळ आल्या की मराठी वर्तमानपत्रांचे मथळे बुद्धिबळाच्या पटावर उतरतात. कुणी कुणाला शह देतो, कुणी काटशह देतो, कुणाचा वजीर फुटतो, कुणाचं प्यादं पुढे सरकतं. शेवटी कुणीतरी कुणावर मात करतो. मथळा लिहिणारा उपसंपादक आणि तो वाचणारा चहावाला, दोघांनाही ही भाषा आपलीच वाटते. आहेच ती आपली. पण वर्गात उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला एक सवय लागते. शब्द दिसला की तो कुठून आला हे बघावंसं वाटतं. शह म्हणजे फारसी 'शाह', राजा. मात, प्यादं आणि वजीर हे शब्दही तिकडूनच आले. आणि राजा, घोडा, हत्ती, उंट, पट, घर हे सगळे इथले. सोळा मोहऱ्यांची ही फौज मराठीत उभी राहते ती निम्मी संस्कृत-प्राकृत आणि निम्मी फारसी-अरबी. त्यातला 'मोहरा'सुद्धा फारसीच.

हा विषय डोक्यात घोळू लागला तो आमच्या शाळेतल्या मधल्या सुट्टीमुळे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या कुटुंबांची आणि जुन्या कोकणी मुस्लिम घरांतली मुलं आमच्याकडे एकत्र शिकतात. पावसाळ्यात मैदानात चिखल असतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही चार पट विकत घेतले. सातवीतली एक मुलगी इतकी झपाट्याने पुढे गेली की तिला तालुक्याच्या स्पर्धेला न्यावं असं ठरलं. तिथे बक्षीस समारंभात एका पाहुण्याने भाषण केलं. हा खेळ आपल्या ऋषिमुनींनी दिला, परकीय आक्रमकांनी तो पळवला आणि त्याचं नाव बदललं, असं ते म्हणाले. परत येताना लोकलमध्ये तिने विचारलं, "सर, परकीय म्हणजे आपण का?" त्याच आठवड्यात तिचे चाचा शाळेत आले. माणूस सज्जन, बोलणं अदबीचं. म्हणाले, "मास्टरसाब, बच्ची को पढ़ाइए, हम मना नहीं करते. लेकिन ये शतरंज हमारे यहाँ जायज़ नहीं है." म्हणजे एका बाजूने खेळ तिचा नाही आणि दुसऱ्या बाजूने तो तिने खेळू नये. तेरा वर्षांच्या मुलीला दोन्हीकडून शह.

तिला उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास नीट बघावा लागेल असं मला वाटलं. तो इतिहास बघता बघता मी आपल्याच किनाऱ्यावर येऊन पोचलो, हे मला अपेक्षित नव्हतं.

खेळ भारतात जन्मला याबद्दल बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे, तेव्हा पाहुण्यांचं पहिलं वाक्य अर्धं तरी बरोबर. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात चतुरंगाचा आणि आठ-आठ घरांच्या अष्टापद पटाचा उल्लेख केला आहे. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं : हत्ती, घोडे, रथ, पायदळ. मराठीतला 'बुद्धिबळ' हा शब्दही याच कुळातला. संस्कृतात 'बल' म्हणजे ताकद तसंच सैन्यही. त्यामुळे बुद्धिबळ म्हणजे बुद्धीची ताकद असं आपण मुलांना सांगतो खरं, पण बुद्धीची फौज हा अर्थ पटाला जास्त शोभतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा मोठा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये या खेळाचंही वर्णन आहे. या चालुक्यांचं राज्य आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होतं, म्हणजे तेव्हा इकडे हा खेळ दरबारी आणि प्रतिष्ठित होता.

ऋषिमुनींचं मात्र कुठे दिसत नाही. दिसतात ते राजे, सैनिक आणि व्यापारी.

आता इराण. सासानी बादशहा खुस्रो अनुशिरवान याच्या काळात, म्हणजे सहाव्या शतकात, हा खेळ तिकडे पोचला असं पहलवी परंपरा सांगते. पहलवी भाषेत 'विजारिश्न-इ-चतरंग' नावाचं छोटंसं गद्य आहे. त्यातली गोष्ट अशी की हिंदुस्थानच्या देवशर्म नावाच्या राजाने सोळा पाचूचे आणि सोळा माणकांचे मोहरे इराणला पाठवले आणि आव्हान दिलं : या खेळाचं मर्म ओळखा, नाहीतर खंडणी द्या. खुस्रोचा वजीर बुजुर्गमिहर याने ते ओळखलं आणि बदल्यात 'नर्द' हा फाशांचा खेळ रचून हिंदुस्थानला पाठवला. पुढे फिरदौसीने शाहनाम्यात हीच कथा रंगवून सांगितली. गोष्ट गोष्टीसारखीच आहे, पण ती सांगणारा इराणी माणूस 'खेळ हिंदुस्थानातून आला' हे अजिबात लपवत नाही. उलट त्यात त्याला मौज वाटते. पळवलेल्या मालाची पावती कुणी अशी जपून ठेवत नाही.

आणि ही पावती जपली कुठे गेली? पहलवी ग्रंथांच्या एका संग्रहाची, ज्यात हे चतरंगाचं गद्य आहे, सगळ्यात जुनी उरलेली हस्तलिखित प्रत मिहरबान कैखुस्रो नावाच्या लेखनिकाने १३२२ साली केली. तो इराणहून आला होता आणि प्रत त्याने केली ती ठाण्यात. आपल्या ठाण्यात. २०१४ सालच्या १ ऑगस्टपर्यंत पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू हे सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे माझ्या पिढीला 'आपलं ठाणं' म्हणायला काहीच अडचण नाही. उत्तरेला थोडं पुढे, आज गुजरातेत गेलेल्या संजाणला पारशी लोक उतरले आणि या किनाऱ्यावर पसरले. त्यांच्यासाठी एक इराणी लेखनिक, मुस्लिम सत्तेखाली असलेल्या ठाणे बंदरात बसून, हिंदुस्थानी राजाने पाठवलेल्या खेळाची गोष्ट पहलवीत उतरवून काढत होता. यात 'आपलं' कुठलं आणि 'परकं' कुठलं, हे पाहुण्यांनी जरा बोट ठेवून दाखवावं.

अरबांपर्यंत खेळ गेला तो इराणमार्गे. अरबीत 'च' नाही आणि 'ग'ही नाही, म्हणून चतरंगचा शतरंज झाला. हे नाव बदलणं नव्हे, हा जिभेचा नाइलाज. आमच्या वर्गातली उत्तर भारतातून आलेली मुलं 'ळ' म्हणू शकत नाहीत, 'बुद्धिबल' म्हणतात. त्यांनी काही ळ पळवलेला नाही.

पण अरब आणि आपला किनारा यांची ओळख शतरंजच्या पुस्तकांपेक्षा जुनी आणि घट्ट आहे. त्याचा सगळ्यात मोठा पुरावा आमच्या शाळेपासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर सापडला. चिंचणी, तारापूरच्या शेजारचं गाव. लोक जोडनावच घेतात, चिंचणी-तारापूर. तिथे मिळालेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटांपैकी एक इंद्र तिसरा याच्या काळातला, शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. त्यात संजाण मंडलावर राज्य चालवणारा अधिकारी कोण आहे? मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचं संस्कृत रूप असल्याचं अभ्यासक मानतात. राष्ट्रकूटांनी नेमलेल्या या अधिकाऱ्याने नदीवर फुकट होड्यांची सोय केली, अन्नछत्र चालवलं, आणि एका हिंदू मठिकेला जमीन देण्याचं काम त्याच्याच कारभारात झालं. संस्कृतात कोरलेला हा पट आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकात नाही. असायला हवा होता. तारापूर म्हटलं की मुलांना १९६९ साली सुरू झालेली अणुवीज आठवते, फार तर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून घेतलेला किल्ला. मधुमती कुणालाच माहीत नाही.

या ताम्रपटाच्या दहा वर्षं आधी, हिजरी ३०४ मध्ये, बगदादचा इतिहासकार अल-मसऊदी याच किनाऱ्याने चौलला आला होता. तेव्हा तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेल्या आणि इथेच जन्मलेल्या मुसलमानांची वस्ती सुमारे दहा हजारांची असल्याचं तो लिहितो. हाच मसऊदी शतरंजबद्दलही लिहितो. हिंदुस्थानात हस्तिदंताचा सगळ्यात जास्त वापर शतरंज आणि नर्दचे मोहरे करण्यासाठी होतो, असं त्याने नोंदवलं आहे. लोक कपडे आणि दागिने पणाला लावतात, काही महाभाग तर हाताची बोटंसुद्धा लावतात, असंही तो सांगतो. ऐकीव गोष्टीत त्याने थोडं मीठमिरची घातलं असेल. पण एक गोष्ट यातून समजते. ज्या शतरंजबद्दल आपल्या फकिहांनी मत दिलं, तो पैशांवर आणि पैशांहूनही भयंकर गोष्टींवर खेळला जाणारा खेळ होता.

चाचांचा मुद्दा मला म्हणूनच झटकून टाकावासा वाटला नाही. अरबस्तानात पैगंबरांच्या (स.) हयातीत शतरंज पोचलेलाच नव्हता. इराण जिंकल्यानंतर तो आला. हदीसमध्ये कडक निषेध आहे तो नर्दचा, म्हणजे फाशांचा, आणि कुरआनात मैसिरचा, जुगाराचा. शतरंजला यात धरायचं की नाही यावर इमामांचे मतभेद झाले. हनफी फिकहने तो नाजायज ठरवला. मालिकी आणि हंबली उलेमांचा कलही बहुतेक तिकडेच. शाफई मसलकात मात्र पैज नसेल, नमाज चुकत नसेल, तोंडात शिवीगाळ नसेल, तर खेळ हराम नाही. पसंत नाही, मकरूह, एवढंच. ताबिईंमधले मोठे आलिम सईद बिन जुबैर हे तर पटाकडे पाठ करून, न बघता खेळत, अशी रिवायत आहे.

आता गंमत बघा. आपण कोकणी मुसलमान शाफई. डहाणूपासून खाली रत्नागिरीपर्यंत मस्जिदीत बघाल तर नमाजात रफ-ए-यदैन करणारे, फज्रला कुनूत पढणारे आपलेच लोक. ही शाफई परंपरा आपल्याला समुद्रानेच दिली, अरबी व्यापारी आणले त्यानेच. आणि बोईसरच्या कारखान्यांत आलेली उत्तर प्रदेश-बिहारची कुटुंबं हनफी. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलींच्या घरात शतरंजचा हुकूम वेगळा असू शकतो आणि दोन्ही हुकूम हजार-बाराशे वर्षांच्या विचाराने आलेले. मी चाचांना एवढंच म्हटलं, "भाईसाब, आपका मसलक अपनी जगह दुरुस्त है. बस ये देख लीजिए कि यहाँ दाँव पर कुछ नहीं लगता, और ज़ुहर की छुट्टी अलग है." ते म्हणाले, मौलानांना विचारतो. विचारा म्हटलं. शिक्षकाने फतवे देऊ नयेत, हे माझं मत बी.एड. करतानाही होतं आणि आजही आहे.

शतरंज आपल्याला फक्त मकरूह-हरामच्या चर्चेत भेटतो याचं मात्र मला वाईट वाटतं. खेळावर मन लावून अभ्यास करणारे पहिले लोक अब्बासी काळातले मुसलमान होते. अल-अदली आणि त्याच्यानंतरचा अबू बक्र अस-सूली ही त्यातली मोठी नावं. सूलीने खलिफा मुक्तफीच्या दरबारात तिथल्या नावाजलेल्या खेळाडूला हरवलं. त्याने मांडलेलं एक कोडं सुमारे हजार वर्षं कुणाला धड सुटलं नाही. विसाव्या शतकात रशियाचा युरी आवेरबाख त्याच्या मुळाशी गेला. अशा मुद्दाम मांडलेल्या कोड्याला, म्हणजे ठरावीक मोहरे ठेवून 'अमुक चालींत मात करा' असं आव्हान देण्याला, अरबीत 'मन्सूबा' म्हणतात. धातू नसब, उभं करणं, मांडणं. मनसबदारातली मनसबही याच धातूची.

आणि आपण मराठीत काय म्हणतो? "त्याचा मनसुबा उधळला गेला." मनात आखलेला बेत, कट, योजना. हा मराठमोळा वाटणारा शब्द शतरंजच्या पटावरून फारसीत, फारसीतून दख्खनच्या दरबारी बोलीत आणि तिथून मराठीत आला. उर्दूत 'मन्सूबा' आजही योजनेसाठी रोज वापरतात, पाच साला मन्सूबा वगैरे. वर्गात हा शब्द फळ्यावर दोन्ही लिप्यांत लिहिला तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

गणिताच्या सरांनी दुसरी मजा केली. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची, ही गोष्ट जुन्या अरबी ग्रंथांत शतरंजच्या जन्माशी जोडलेली आहे. अल-बिरूनीने ही बेरीज नेमकी करून दाखवली : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. वीस आकडी संख्या. मुलांनी ती वाचायचा प्रयत्न केला आणि परार्ध, शंख, पद्म असं काहीबाही ओरडत सुट्टी संपवली. याच बिरूनीने हिंदुस्थानात फासे टाकून चौघांनी खेळायचा चतुरंगही पाहिला आणि त्याचे नियम लिहून ठेवले. आपल्याकडच्या खेळाची जी माहिती आज मिळते त्यातली बरीच अशी बाहेरच्याच्या वहीतून मिळते.

मोहऱ्यांकडे वळू. एक प्रश्न मुलं दरवेळी विचारतात : इंग्रजी पुस्तकात कोपऱ्यात किल्ला दिसतो, मग आपण त्याला हत्ती का म्हणतो? अरबी-फारसी शतरंजमध्ये कोपऱ्यात रुख असे आणि राजा-वजिराच्या शेजारी फील, म्हणजे हत्ती. पण हिंदुस्थानात काही ठिकाणी हत्ती कोपऱ्यात ठेवतात, असं नवव्या शतकातच अल-अदलीने नोंदवलं होतं. मराठीने ती जुनी जागा धरून ठेवली. मधल्या रिकाम्या घरात मग उंट आला. बंगाल्यांनी कोपऱ्यात नौका ठेवली. प्रत्येकाने आपल्या मुलुखाप्रमाणे फौज सजवली.

मुसलमान कारागिरांनी मोहरे साधे, आकृतीविना घडवले, कारण प्राण्यांच्या मूर्ती टाळायच्या होत्या. फीलच्या डोक्यावर हत्तीच्या सुळ्यांची खूण म्हणून फक्त दोन टोकं ठेवायची. युरोपात गेल्यावर ती टोकं लोकांना कळेनात. इंग्रजांना ती पाद्र्याची टोपी वाटली, फ्रेंचांना विदूषकाची. सुळे गेले, टोपी राहिली.

वजिराची कथा आणखी मजेची. जुन्या शतरंजमध्ये तो बिचारा तिरकं एकच घर चालत असे. पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पेनकडे त्याची राणी झाली आणि ती पटभर धावू लागली. इंग्रजांबरोबर ही धाव आपल्याकडे आली, पण आपण मोहऱ्याचं नाव तेच ठेवलं. म्हणून मराठीत आजही सगळ्यात ताकदवान मोहरा वजीर आहे आणि तो पुरुष आहे. आमच्या त्या मुलीला हे मुळीच पटलेलं नाही. ती म्हणते, धावते ती राणीच.

जुना देशी खेळ आमच्या आजोबांच्या पिढीला येत होता. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं. शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची अडीच घरांची उडी घेता यायची. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते त्या घराच्या मूळ मोहऱ्याचं रूप घ्यायचं. आणि सगळ्यात मानाची ती प्यादेमात : शेवटचा घाव प्याद्याने घालायचा. मुंबईत १८१४ साली तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचं डावांच्या कोड्यांचं पुस्तक मूळ संस्कृतावरून इंग्रजीत छापलं गेलं. जुन्या देशी कोड्यांचा तो ठेवा आहे. मन्सूबेच म्हणायचे ते.

महाराष्ट्राने नंतर हा खेळ चांगला जपला. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या संयुक्त विजेत्यांमध्ये रामचंद्र सप्रे होते. मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, राष्ट्रीय अजिंक्यपद घरातच फिरतं ठेवलं. आणि २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्या चार पटांवर मधल्या सुट्टीत जागा मिळेना.

मुलीला मी या सगळ्यांबरोबर आणखी तीन नावं लिहून दिली. भोपाळचे मोहम्मद रफीक खान, सुतारकाम करणारे, १९७६ चे राष्ट्रीय विजेते. १९८० च्या माल्टा ऑलिंपियाडमध्ये त्यांनी वैयक्तिक रौप्यपदक आणलं. दुसरे पंजाबचे मीर सुलतान खान, सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेले, देशी नियमांवर वाढलेले. लंडनला गेल्यावर युरोपी नियम अंगवळणी पाडत त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद घेतलं, आणि हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. ग्रँडमास्टर हा किताब त्यांना जागतिक संघटनेने दिला तो २०२४ मध्ये, मरणानंतर अनेक दशकांनी.

तिसरं नाव बघून ती थांबली. फातिमा. त्याच उमर हयात खानांच्या घरात कामाला असलेली तरुणी. १९३३ साली ब्रिटनचं महिला अजिंक्यपद तिने जिंकलं. पुढे ती हिंदुस्थानात परतली आणि स्पर्धांच्या यादीतून तिचं नाव नाहीसं झालं.

चाचांचं उत्तर अजून आलेलं नाही. मुलगी सध्या मधल्या सुट्टीत स्वतः खेळत नाही, पाचवीच्या पोरांना घोड्याची अडीच घरं शिकवते. पट मांडायला कुणाची मनाई नाही, असं तिचं म्हणणं आहे.